बैलाची मूठ

फार फार मागे, डोंगर चढायला बैलाच्या पायांवाचून दुसरी सोय नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी तर कान देऊन ऐकावी, कारण लहानांच्या ताटात कमी पडतं तेव्हा कुठल्या तरी मोठ्याने आधी मान डोलावलेली असते.

एका उंच डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. तिथे खडक फार आणि माती थोडी. थोडी नाचणी व्हायची, थोडी वरई व्हायची, ती दिवाळी सरेपर्यंत पुरायची. पुढचं सगळं, म्हणजे ज्वारी, डाळ, गूळ, मीठ, तेल, मिरची, खालच्या मुलखातून घाट चढून यायचं. घाट चढायचे बैल. पाठीवर दोन्ही अंगांना गोणी, गळ्यात घुंगरं आणि पोटात कडबा.

हे पोटातल्या कडब्याचं नीट ध्यानात घ्या. बैल कडब्यावर चालतो. खाली कडबा महागला की बैलाचा पाय महागतो, आणि बैलाचा पाय महागला की वर तव्यातली भाकरी महागते. एवढं खरं आहे. यात कुणाचं काही खोटं नाही. खोटं पुढे येतं.

गावात दुकान एकच होतं आणि घाट चढणारे बैलही दुकानदाराचेच होते. सगळे त्याला शेट म्हणत. बोलणं गोड, कपाळाला गंध, आणि आल्यागेल्याला हात जोडायची सवय. अशा माणसाशी भांडायचं म्हटलं तर भांडणारीच वाईट दिसते.

एका वर्षी खाली पावसाने दगा दिला. कडब्याच्या पेंढीचा भाव दुप्पट झाला. शेट दुकानाच्या पायरीवर आला, खांद्यावरचं उपरणं काढून हातात घेतलं आणि जमलेल्या बायकांना म्हणाला, "मायबहिणींनो, मुकं जनावर उपाशीपोटी घाट कसा चढेल? मी भाव वाढवत नाही. एवढंच करा, माप पदरात पडलं की त्यातली एक मूठ बैलासाठी या पाटीत टाका. खाली कडबा उतरला की त्याच दिवशी पाटी उचलली म्हणून समजा."

बायकांची मनं मोठी. बैलाच्या तोंडात घास जातोय म्हटल्यावर कोण मागे हटणार? ज्वारी घेतली की एक मूठ पाटीत. डाळ घेतली की एक मूठ पाटीत. कुणी तरी पाटीला हळदकुंकू लावलं. मग बायका मूठ टाकून पाटीला हात लावायच्या आणि तो हात कपाळाला लावायच्या. बघता बघता तो धर्मच होऊन बसला. त्याला नाव पडलं, बैलाची मूठ.

तेव्हा एक गोष्ट कुणी पाहिली नाही. शेटच्या गोठ्यामागे कडब्याची गंज उभी होती, छपराला टेकेल एवढी. ती आदल्या हंगामात स्वस्तात घेतलेली होती आणि बैल पुढे कितीतरी महिने तीच खाणार होते. मूठ मात्र त्याच दिवशी सुरू झाली. जुना कडबा संपू दे, मग मागतो, असं शेट म्हणाला नाही. आणि असं म्हण, असं त्याला कुणी सांगितलंही नाही.

मग सगळ्यांनाच वाचा फुटली. तेली म्हणाला, माझ्या घाण्याचा बैल कडबाच खातो, म्हणून तेल थोडं कमी मिळेल. कुंभारणीने मडक्याचे जास्त मागितले. न्हाव्याचा वस्तरा काही कडबा खात नव्हता, पण त्याची बायको पाटीत मूठ टाकत होती, म्हणून त्यानेही वाढवलं. गुरवाने देवाच्या नैवेद्याचं माप वाढवलं. देव घाट चढून आला नव्हता, तरीही. प्रत्येकाने आपल्या डोक्यावरचं ओझं उचलून पुढच्याच्या डोक्यावर ठेवलं आणि मान मोकळी केली.

असं करत करत ते ओझं ज्या उंबऱ्यात येऊन पडलं, त्याच्या पुढे उंबरा नव्हता. चुलीपुढे बसलेल्या बाईने कुणावर वाढवायचं? पोराला सांगायचं का, बाळा, भूक महागली, आज अर्धीच लागू दे? तिच्यापुढे एकच माणूस उरतं, ती स्वतः. ती आपल्या भाकरीतून मोडते, आपल्या वाटीत पाणी वाढवते, आणि घर जिथल्या तिथे दिसतं. चावडीवर बसणारे मग म्हणतात, गावाने सोसलं. गावाने कुठे सोसलं? गाव दोन्ही वेळा जेवत होतं. चुलीपुढच्या बाईने सोसलं.

अशा बायकांत एक भिवरा होती. नवरा मागेच गेला होता. ती अंबाडीचे दोर वळायची. बैलांच्या वेसणी, दावी, गोणी बांधायचे कासरे, सगळे तिच्या हातचे असत आणि ते शेटच घ्यायचा. तिने एकदा म्हणून पाहिलं की सगळं महागलंय, दोराचंही थोडं वाढवून द्या. शेट हसला. म्हणाला, बाई, दोराला कुठे कडबा लागतो? भिवराला तेव्हा उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं, की दोर वळणारीला भाकरी लागते. पण घरी सुचलेलं उत्तर काय कामाचं.

ते वर्ष सरता सरता तिची लेक साळू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. सुईण जाताना बजावून गेली, "हिला पोटभर घाल. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, त्यात गुळाचा खडा. अंगावर दूध तेवढ्यानेच टिकेल. हिच्या ताटातलं कमी झालं तर पाळण्यातलं कमी झालं म्हणून समज."

भिवराने ते वाक्य गाठ मारून ठेवलं. पहिले काही दिवस तिने साळूच्या ताटाला हात लावला नाही. आपलंच मोडत राहिली. मग मोडायला आपलं काही उरलं नाही. मग माडगं पातळ झालं. मग गुळाचा खडा रोजचा होता तो एक दिवसाआड झाला.

एकदा साळूने विचारलं, "आई, तू जेवलीस कधी?"

"तू निजली होतीस तेव्हा."

"मी निजलेच नाही. सकाळपासून ही अंगाला लागलीय, सोडतच नाही."

भिवराने लेकीच्या पदराकडे पाहिलं. पोर ओढत होती, थांबत होती, रडत होती, पुन्हा ओढत होती. बाईमाणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

पुढच्या वर्षी खाली पाऊस चांगला झाला. राजानेही एक बरं काम केलं, आपली राखीव कुरणं रयतेला मोकळी केली. दवंडीवाला घाट चढून वर आला आणि गावभर ओरडत फिरला की कडबा उतरला, पूर्वीपेक्षाही उतरला. बायका दारात येऊन ऐकत होत्या. भिवराने आत जाऊन साळूला सांगितलं, आता मूठ बंद होणार, उद्यापासून माडगं घट्ट.

दुसऱ्या दिवशी दुकानात पाटी होती तिथेच होती.

शेट हात जोडून म्हणाला की माझ्याकडे आहे तो कडबा जुन्या महाग भावाचा आहे, तो संपू द्या. बघा, वाढताना गोठ्यामागचा स्वस्त कडबा कुणाला दिसला नव्हता. उतरताना मात्र महाग कडबा आठवला. चढायचं तर नव्या भावाने आणि उतरायचं तर जुन्या भावाने, ही कसली चाल? बैलसुद्धा चढतो त्याच वाटेने उतरतो.

तो कडबा संपल्यावर घाटाची वाट खचली होती. वाट नीट झाल्यावर कडबा पुन्हा महाग होईल अशी बोलवा होती. बोलवा विरल्यावर शेट म्हणाला, आता एवढ्या दिवसांची रीत झाली, रीत मोडू नये, जनावराचा तळतळाट लागतो.

आणि मग त्याने आणखी एक गोड काम केलं. म्हणाला, कुणाची मूठ लहान, कुणाची मोठी, गरिबावर अन्याय होतो. म्हणून त्याने एक लाकडी वाटी करून आणली, सगळ्यांना सारखी. ती वाटी कुठल्याही बाईच्या मुठीहून मोठी होती. नाव मात्र मूठच राहिलं.

भिवरा चावडीवर गेली. पाटील आणि पंच बसले होते. तिने सांगितलं की कडबा उतरला, मूठ उतरली नाही, घरात बाळंतीण आहे, तिचं दूध तुटतंय. पाटील म्हणाला की मुक्या जनावराच्या तोंडचं काढू नये, हा धर्म आहे. पंचांनी माना डोलावल्या.

त्यांना धर्म का आठवू नये? त्यांच्या घरचं वाणसामान शेट स्वतः पोचवायचा, भरल्या मापाने, वाटी न काढता. त्यांच्या बायकांनी ती पाटी कधी पाहिलीही नव्हती. ज्याच्या ताटातून काही जात नाही त्याला दुसऱ्याचा त्याग फार शोभून दिसतो.

ही गोष्ट गावात पसरली. पाणवठ्यावर येसू कुंभारीण पोराला कडेवर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "भिवरे, बैलाचा घास काढून लेकीला घालायला निघालीस म्हणे. पुढच्या जन्मी बैल होशील."

"झाले तर झाले," भिवरा म्हणाली. "पण तुझ्या मडक्याचं काय गं? माती तळ्यातली, वाहणारं गाढव तुझं, आणि ते खातं उकिरड्यावरचं. मडकं कशापायी महागलं?"

येसू म्हणाली की सगळेच वाढवतात, मी एकटीने काय पाप केलं. तेवढ्यावर दोघी घागरी भरून आपापल्या वाटेने गेल्या. पण येसूचं बोलणं भिवराला लागलं. खरंच आपण मुक्या जिवाचं तोंडचं मागतोय का, असं तिला वाटायला लागलं. हीच तर अशा रीतींची खरी करामत असते. लुटलेल्यालाच आपण चोर आहोत असं वाटायला लागतं.

त्याच तंद्रीत ती घाटाच्या तोंडाशी आली. तिथे शेटचे बैल दम खायला थांबले होते. त्यांच्याबरोबर लिंबाजी होता, पायथ्याचा, वर्षानुवर्षं शेटचे बैल हाकणारा आणि वर गोणी टाकून आल्या पावली परतणारा. पुढचा बैल हरण्या. एके काळी काय तेजस्वी बैल होता तो. आता त्याच्या बरगड्या लांबून दिसत होत्या आणि गोणीखालचं कातडं सोललं होतं.

त्या काळात बैल बोलत असत. मात्र विचारलं तरच. आणि विचारायचं कुणाला सुचत नसे. पाटीला हळदकुंकू वाहणाऱ्या एवढ्या बायका, धर्म सांगणारे एवढे पंच, पण बैलाजवळ जाऊन, बाबा, घास पोचला का, असं कुणी विचारलं नव्हतं.

भिवराने त्याच्या मानेवर हात ठेवला. "हरण्या, लेका, असा रे कसा वाळलास? आमची मूठ पुरत नाही का तुला?"

"कसली मूठ?" हरण्या म्हणाला.

भिवराने त्याला सगळं सांगितलं. पाटी सांगितली, वाटी सांगितली, बायका हात कपाळाला लावतात तेही सांगितलं. हरण्या शेपटीने माशा वारत ऐकत राहिला.

मग तो म्हणाला, "बाई, खाली कडबा एवढा झालाय की लोक त्याने घरं शाकारतात. मला देतात तो खालच्या गोठ्यांतला पायदळी तुडवलेला, आणि तोही मोजून. तुमचं दाणं मी पाठीवर आणतो. माझ्या तोंडात त्यातला एक कणही पडलेला मला आठवत नाही."

भिवराने लिंबाजीकडे पाहिलं. लिंबाजी खाली बघून म्हणाला की अक्का, मला शेट सांगतात, वरचे लोक कवडी जास्त द्यायला तयार नाहीत, म्हणून तुझी मजुरी तीच आणि बैलाचा चारा तोच.

म्हणजे पाहा. वर सांगायचं, बैल उपाशी आहे, द्या. खाली सांगायचं, माणसं देत नाहीत, उपाशी राहा. डोंगराचा माथा आणि पायथा एकमेकांशी बोलत नाहीत, एवढ्यावर मधल्या माणसाचं पोट सुटलं होतं. भिवराच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिच्या अंगाचा भडका उडाला. ती लिंबाजीला म्हणाली की बाजाराच्या गोणी उतरवायला उद्या दुकानासमोर येशील तेव्हा हरण्याचा कासरा घटकाभर माझ्या हातात दे. लिंबाजी म्हणाला, "कासरा तुमच्याच हातचा आहे अक्का, धरा की."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. दुकानापुढे बायकांची रांग लागली होती. भिवराने ज्वारी घेतली. वाटी भरून काढली. शेट सवयीने म्हणाला, पाटीत टाका. भिवरा वाटी घेऊन पायरी उतरली आणि रांगेच्या बाजूने चालत हरण्यापाशी गेली.

"अहो बाई, पाटी इकडे आहे," शेट म्हणाला.

"ही मूठ कुणाची?"

"बैलाची. हे काय विचारणं झालं?"

"मग बैल इकडे आहे."

तिने वाटी हरण्याच्या तोंडापुढे धरली. हरण्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि वाटीत तोंड घातलं. उपाशी जनावर दाणे चघळतं त्याचा आवाज फार मोठा असतो. तो सगळ्यांनी ऐकला. आणि मग त्याच्या बरगड्यांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. आपण ज्याला वर्षभर पोसतोय तो हा.

बैलाची मूठ बैलाला देऊ नका, असं शेट कुठल्या तोंडाने सांगणार?

पाठोपाठ दुसरी बाई उतरली, मग तिसरी. मीठ घेतलेलीची वाटी हरण्याने चाटली. हुलगे घेतलेलीची तर मिटक्या मारत खाल्ली. मग येसूची पाळी आली. तिने मिरच्या घेतल्या होत्या. मिरच्यांतूनही वाटी काढायची रीत होती, इतके दिवस तिचं कुणाला नवल वाटलं नव्हतं. येसूने वाटी पुढे केली. हरण्याने वास घेतला, फुर्रकन नाक उडवलं आणि तोंड फिरवलं.

"खात नाही की हा," येसू म्हणाली.

"मग इतके दिवस शेट त्याला ठेचा करून घालत होते वाटतं," भिवरा म्हणाली.

रांगेतून हसू फुटलं. असं हसू, की दुकानातल्या नोकरालाही आवरेना. येसू हसली नाही. ती हातातल्या मिरच्यांकडे बघत राहिली. मग तिने वाटी आपल्या पदरात ओतली आणि म्हणाली की बैलाला नको असेल तर ही माझी. तिथल्या तिथे नवी रीत ठरली. बैल खाईल ते बैलाचं, बैल खाणार नाही ते घरचं. तेल घरी गेलं. मिरची घरी गेली. सुपारी घरी गेली. पाटी दिवसभर रिकामी राहिली.

संध्याकाळी शेटने दुकानाला कुलूप घातलं. म्हणाला, माझा अपमान झाला, आता मालच देत नाही, खा तुमची नाचणी.

हे दिवस वाईट गेले. खोटं सांगत नाही, फार वाईट गेले. नाचणी केव्हाच संपत आली होती. बायकांनी उरलीसुरली एकत्र केली, अंबील केली, ज्याच्या घरी लेकरं त्याला आधी दिली. भिवराच्या घरी साळूला काय मिळणार, अळणी अंबील. पोरीचं रडणं बारीक होत गेलं, आणि बारीक रडणं मोठ्या रडण्यापेक्षा जास्त भिववतं. भिवराला दोनदा वाटलं, जावं, शेटचे पाय धरावेत. साळूच म्हणाली, "गेलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. उद्या हिलाही तीच वाटी भरावी लागेल."

पण कुलपाला दोन बाजू असतात. आतला गूळ पाझरू लागला. ज्वारीला टोके किडे लागले. आणि एक गोष्ट शेटच्या ध्यानात आली नव्हती. चावडीवरच्या घरांचं सामानही त्याच दुकानातून यायचं. कुलूप लागलं, लिंबाजीने बैल जागचे हलवले नाहीत, आणि पाटलाच्या घरचं मीठ संपलं. ज्या पाटलाला इतके दिवस धर्म आठवत होता, त्याला अळणी आमटीच्या पहिल्या घोटाला न्याय आठवला.

तो पंचांना घेऊन दुकानापुढे आला. गाव जमलं. शेटने हात जोडून सांगितलं की खाली कडबा अजून महाग आहे, मी तरी काय करू.

भिवरा म्हणाली, "जो रोज खाली जातो त्याला विचारा."

पाटलाला बैलाशी बोलायची सवय नव्हती. पण सगळे बघत होते. त्याने घसा साफ केला आणि विचारलं की हरण्या, कडबा कसा आहे खाली?

"भरपूर आहे," हरण्या म्हणाला. "मी रोज बघतो. खात नाही, एवढंच."

शेट पायरी चढला, पाटी उचलली आणि आत नेऊन ठेवली. वाटी बायकांनी त्याच्या डोळ्यांदेखत चुलीत घातली. पाटलाने निवाडा दिला की बैलाला पोटभर चारा, लिंबाजीला वाढीव मजुरी आणि बाईला भरलं माप. निवाडा चांगला होता. तो वर्षभर आधीही देता आला असता.

येसूने त्याच दिवशी मडक्याचा भाव उतरवला. तेल्याने उतरवला नाही. त्याच्या दारात हरण्याला नेऊन उभं करावं लागलं.

भिवराने भरलं माप घरी नेलं. घट्ट माडगं केलं, गुळाचा मोठा खडा घातला. साळू पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी जेवली, आठवडाभर जेवली. पण आटलेलं दूध परत आलं नाही.

हे सोपं करून सांगता येत नाही. पाटी उचलली गेली, पण पाटीत गेलेलं परत कुणी दिलं नाही. देता येण्यासारखं नव्हतंच ते. शेटने ज्वारी घेतली होती, असं त्याला वाटत होतं. त्याने काय घेतलं होतं ते त्याला आयुष्यभर कळलं नाही.

पोर जगली. येसू कुंभारीण एक दिवस दारात आली, खाली बसली, आपलं पोर भिवराच्या मांडीवर दिलं आणि साळूची पोर उचलून पदराखाली घेतली. रोज येऊ लागली. पाणवठ्यावरच्या बोलण्याचा विषय दोघींनी पुन्हा काढला नाही.

पुढे काही वर्षांनी खाली पुन्हा पावसाने दगा दिला. कडबा खरोखर महागला. शेट पायरीवर आला आणि उपरणं हातात घेऊ लागला. भिवरा आता म्हातारी झाली होती. ती म्हणाली की उपरणं राहू द्या, आधी तुमची जुनी गंज दाखवा आणि मग बैल आणा.

गंज पाहिली. ती संपेपर्यंत कुणी काही दिलं नाही. संपल्यावर बैलाला विचारलं. बैल म्हणाला की हो, खाली खरंच काही नाही. तेव्हा गावातल्या प्रत्येक बाईने मूठ दिली, आपल्या हाताने, बैलाच्या तोंडात. पाटलाच्या बायकोनेही रांगेत उभं राहून दिली. कुणी कुरकुर केली नाही. आणि पुढच्या पावसाला कडबा उतरला, त्या दिवशी बायका मूठ न काढता सरळ घरी गेल्या. शेट बघत राहिला. त्याला हात जोडायची आठवण झाली नाही.

महागाईचं कारण सांगणाऱ्याकडून ते कारण डोळ्यांनी पाहून घ्यावं, आणि कारण सरलं की त्याच दिवशी आपला घास परत मागावा. न मागितलेला घास कुणी आपणहून परत करत नाही.